बारा सेकंद धाव, चाळीस मिनिटं थांब!

कॅलिफोर्नियातल्या बदामाच्या बागांमधली एक ड्रॅग स्ट्रिप, पन्नाशी उलटलेली एक शेव्ही नोव्हा आणि तिच्या पाण्याच्या पंपाची ही गोष्ट. स्पीडच्या शौकिनांनी वाचावीच, पण रोज डेडलाइनच्या मागे धावणाऱ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन वाचावी...

ड्रॅग रेसिंग म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? धूर, कानठळ्या बसवणारा आवाज आणि बघता बघता नजरेआड होणारी गाडी. बरोबर? रस्ता सरळसोट, वळण एकही नाही. अंतर पाव मैल, म्हणजे जेमतेम ४०२ मीटर. एका वेळी दोनच गाड्या. हिरवा दिवा लागला की सुटायचं. जिंकला तो पुढच्या राउंडला, हरला तो गाडी ट्रेलरवर चढवून घरी. बस्स!

पण ह्या खेळाच्या गावी एक अख्खा दिवस काढलात, तर एक गंमत लक्षात येते. इथे दिवसभरातलं सगळं धावणं एकत्र केलं, तरी धड दोन मिनिटंही भरत नाहीत. बाकीचा वेळ जातो थांबण्यात. आणि रेस बरेचदा तिथेच, त्या थांबण्यात, हातात येते किंवा हातातून जाते.

ऑफिसने तीन आठवड्यांसाठी लॉस एंजेलिसला पाठवलं होतं. पहिल्या वीकेंडला समुद्र झाला, हॉलिवूडची ती डोंगरावरची पाटी लांबून बघून झाली. माझा मावसभाऊ गेली अठरा वर्षं तिथल्या सेरिटोसमध्ये राहतो. मूळचा नाशिकचा, पेशाने इंजिनीअर. शेजारीच आर्टेशिया, म्हणजे पायोनियर बुलेव्हार्डवरची देशी दुकानं, साड्या, मिठाई आणि कढीपत्ता हाकेच्या अंतरावर. तिथे पाणीपुरी खाता खाताच दादाने विचारलं, "शनिवारी फमोसोला येतेस का? रेस आहे. पण त्याआधी पंप बसवायचाय. अगं, दोन हात जास्तीचे लागतील."

डिस्नेलँड की पाण्याचा पंप? मी पंप निवडला. आणि अजिबात पस्तावले नाही.

वहिनीची सवत

दादाची गाडी आहे १९७२ची शेव्हर्ले नोव्हा. दोन दरवाजे, लांबलचक बॉनेट आणि आत ३५० क्यूबिक इंचांचं, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन. आपल्याकडच्या छोट्या कारची चार-पाच इंजिनं एकत्र केली तर एवढं माप होईल! गॅरेजमध्ये तिला खास जागा, वर मऊ कव्हर. वहिनी तिला सरळ 'सवत' म्हणते.

पण यंदा सवतीचं भवितव्य टांगणीला लागलं होतं. गेल्या सीझनमध्ये एका रेसला तिसऱ्या राउंडनंतर इंजिन इतकं तापलं, की हेड गॅस्केट गेलं. म्हणजे इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड ह्यांच्यामधलं सील फाटलं, पाणी तेलात गेलं आणि तेलाचा झाला चहा. दुधाचा! इंजिन पुरतं उघडावं लागलं. तीन महिने गाडी गॅरेजमध्ये आणि दादाचं लक्ष गाडीत. पैसे गेले ते वेगळेच.

मग घरात तह झाला. वहिनीच्या अटी साध्या होत्या. "लेक पुढच्या वर्षी कॉलेजला जाणार. ह्या इंजिनाला अजून एकदा हात लागला, तर गाडी विकायची. मी काही वाईट बोलतेय का, तूच सांग." आता ह्यावर नणंद काय बोलणार? मी गपचूप पोहे खाल्ले.

थोडक्यात काय, तर पंप म्हणजे नुसता पंप नव्हता. नोव्हाचं घरातलं स्थान त्याच्यावर अवलंबून होतं.

फंडा काय आहे?

नोव्हाचा मूळ पंप पट्ट्यावर चालणारा. इंजिनाच्या क्रँकशाफ्टला पुली, पुलीवर पट्टा, पट्ट्यावर पंप आणि त्या पंपाच्याच नाकावर बसवलेला पंखा. इंजिन फिरलं की पंप फिरणार, इंजिन बंद झालं की सगळंच बंद. रोजच्या वापराच्या गाडीला ही सोय उत्तम. लाखो गाड्या अशाच धावल्या.

पण ड्रॅगच्या गाडीचा दिवस कसा असतो बघा. रांगेत उभं राहायचं. मग मागचे टायर एका जागी गरागरा फिरवून गरम करायचे, ह्याला बर्नआउट म्हणतात. मग स्टार्ट लाइन, मग बारा सेकंद जीव खाऊन पळायचं आणि तंबूत परत येऊन इंजिन बंद. आता गंमत अशी, की इंजिन नेमकं ह्याच वेळी जास्त तापतं! लोखंडात साठलेली उष्णता आतल्या पाण्यात उतरत राहते आणि पाणी तर जागच्या जागी उभं. कुकरचा गॅस बंद केला म्हणून वाफ लगेच जाते का? तसंच. काटा खाली यायच्या ऐवजी वर सरकतो. पंप चालवायचा तर इंजिन चालू ठेवायला हवं आणि इंजिन चालू ठेवलं तर ते पुन्हा उष्णता करणार. आहे की नाही पंचाईत?

ह्यावरचा उपाय म्हणजे विजेवर चालणारा पंप. स्वतःची मोटर, बॅटरीवर चालते. इंजिन बंद असलं तरी पाणी फिरत राहतं आणि रेडिएटरवरचा विजेचा पंखा त्यातली उष्णता बाहेर टाकत राहतो. शिवाय पट्ट्यावरचा पंप फिरवायला इंजिनाची जी थोडीफार ताकद खर्च होते, तीही वाचते. जाहिरातींत ह्या वाचलेल्या ताकदीचाच जास्त गाजावाजा असतो. पण दादाला तिचं फारसं अप्रूप नव्हतं. का, ते पुढे येईलच.

(जाता जाता एक सॉलिड गोष्ट. ड्रॅगमधली सगळ्यात वेगवान गाडी कुठली? टॉप फ्युएल. नायट्रोमिथेनवर चालणारी, तीन-चार सेकंदांत हजार फूट कापणारी. तिला पाण्याचा पंप कुठला लावतात? लावतच नाहीत! तिच्या इंजिनात पाणीच नसतं. ते चालतंच इतका कमी वेळ, की आत ओतलं जाणारं भरमसाट इंधनच त्याला थोडंफार थंड ठेवतं आणि प्रत्येक राउंडनंतर अख्खं इंजिन उघडून पुन्हा बांधतात. म्हणजे वहिनीच्या तहाप्रमाणे प्रत्येक राउंडनंतर गाडी विकायची वेळ!)

एक्सेल शीट आणि चार पर्याय

मराठी इंजिनीअर खरेदी कशी करतो? एक्सेल शीट करून. दादाच्या शीटमध्ये चार रकाने होते.

पहिला, पट्ट्यावरचाच, पण जास्त पाणी ढकलणारा नवा पंप. स्वस्त आणि मस्त. पण इंजिन बंद, की हाही बंद. बाद.

दुसरा, जुना पंप तसाच ठेवून त्याला छोटी मोटर आणि दातेरी पट्टा लावायचा. ड्रॅगवाल्यांमध्ये हा जुगाड जुना आणि लोकप्रिय. खर्च कमी, पण मोटर आणि पट्टा पुढे लटकलेले.

तिसरा, मोटर आणि पंप एकत्र असलेला, जुन्याच्या जागी चार बोल्टवर थेट ब्लॉकला बसणारा. सुटसुटीत, पण किंमत काही शे डॉलर.

चौथा, पंप इंजिनापासून लांब, रेडिएटरच्या पाइपात बसवायचा. ज्यांच्याकडे पुढे जागाच नाही, त्यांच्यासाठी बेस्ट. नोव्हात जागेची कमी नव्हती.

तर तिसरा पक्का. मग प्रश्न केवढा घ्यायचा? बाजारात साधारण दोन मापं मिळतात. मिनिटाला ३५ गॅलन, म्हणजे सुमारे १३२ लिटर आणि मिनिटाला ५५ गॅलन, म्हणजे सुमारे २०८ लिटर. मी म्हटलं, "मोठाच घे ना दादा, पुन्हा कटकट नको." आपला मोबाइल घेतानाचा नियम!

दादाने कॅल्क्युलेटर पुढे सरकवला. "विजेचा हिशोब कर. पंप सहा-सात अँपिअर, पंखा वीसच्या वर. दोन्ही मिळून अठ्ठावीस धर. तंबूत अर्धा तास चालवले तर एका राउंडला चौदा अँपिअर-तास गेले. पाच राउंड खेळलो तर सत्तर. माझी बॅटरी साठचीही नाही."

म्हणजे मोठा पंप घ्यायचा, तर बॅटरीही मोठी, वायरही जाड, वजनही जास्त. त्याच्या मध्यम ताकदीच्या इंजिनाला आणि रेडिएटरला ३५ गॅलनवाला पुरेसा होता. कारण सगळी मिळून गाडीत पंधरा-सोळा लिटर पाणी. ते मिनिटात आठेक फेऱ्या मारणार. आणखी किती पळवायचं त्याला? वाचलेल्या पैशांत दादाने एक चांगला चार्जर घेतला. दोन राउंडच्या मध्ये छोट्या जनरेटरवर तो लावून ठेवायचा. कारण व्होल्टेज पडलं की मोटर हळू फिरते आणि मग डब्यावर छापलेले ३५ गॅलन डब्यावरच राहतात.

एक मेख मात्र शीटमध्ये शेवटी सापडली. जुन्या पंपाची पुली गेली, की अल्टरनेटरचा पट्टा कशावरून जाणार? तो तर त्याच पुलीला वळसा घालून जायचा! ह्यावर तोड म्हणजे पुढे एक मोकळी फिरणारी पुली असलेला पंप. पाण्याशी तिचा काही संबंध नाही, नुसता पट्ट्याला रस्ता. अशा पंपाला थोडे पैसे जास्त पडतात, पण अल्टरनेटरची जागा बदलायची दगदग वाचते. हे आधी लक्षात आलं म्हणून बरं. नाहीतर शुक्रवारी रात्री दुकानं शोधत फिरलो असतो.

दोन संध्याकाळी, एक गॅरेज

मंगळवारी ऑफिस सुटल्यावर कामाला लागलो. आधी रेडिएटरखाली टब ठेवून सगळं पाणी काढलं. जुन्या पाण्यात कूलंट मिसळलेलं असतं. ते चवीला गोड आणि कुत्र्या-मांजरांना विषारी. म्हणून शेजारचा लॅब्रॉडोर घरात गेल्याची खात्री करूनच टब उघडा ठेवला. मग पंखा, पट्टा, होज पाइप आणि शेवटी पंप. चार बोल्ट. तीन मुकाट निघाले. चौथ्याने तासभर घेतला.

पंप निघाला, पण त्याच्यामागचं जुनं गॅस्केट ब्लॉकला खरपुडीसारखं चिकटलेलं. हे काम माझ्याकडे. "घाई करू नकोस. इथे एक कण राहिला, तर ट्रॅकवर पाणी सांडेल," दादाने बजावलं. ट्रॅकवर पाणी सांडणं हा ह्या खेळातला मोठा गुन्हा. मागून येणाऱ्या गाडीचा टायर त्यावरून घसरला तर? म्हणूनच ड्रॅग ट्रॅकवर बहुतेक ठिकाणी रेडिएटरमध्ये कूलंट चालत नाही, कारण ते तेलकट, निसरडं असतं. फक्त पाणी आणि गंज धरू नये म्हणून त्यात थोडं चालणारं द्रव्य. शिवाय रेडिएटरमधून उतू जाणारं पाणी धरायला १६ औंसांचा, म्हणजे साधारण अर्ध्या लिटरचा डबा लावणं सक्तीचं. चूल सारवावी तसा तो ब्लॉक मी तासभर साफ केला.

नवं गॅस्केट, सीलंटचा पातळ हात, बोल्टच्या आट्यांनाही सीलंट. मग बोल्ट एकदम न आवळता तिरपे तिरपे, थोडे थोडे. हीटरच्या पाइपांची भोकं बुचं लावून बंद केली. रेसच्या गाडीत हीटर हवाय कोणाला?

बुधवारी वायरिंग. इथे दादा एकदम कडक. पंपाला वेगळा रिले, वेगळा फ्यूज, वेगळा स्विच. पंख्याला वेगळं सगळं. "एक फ्यूज उडाला तर दुसरं चालू राहिलं पाहिजे." अर्थिंगची वायर जिथे बसणार तिथला रंग घासून पत्रा चकचकीत केला. प्लस-मायनस दोनदा तपासलं, कारण ते उलटं झालं तर मोटर उलटी फिरते. थर्मोस्टॅट काढून टाकला. इंजिन गार झालं की तो दार लावून घेतो आणि इथे तर गार पाणीही फिरतं राहायला हवं होतं. त्याच्या जागी प्रवाह मर्यादेत ठेवणारी एक भोकाची चकती बसली.

मग गाडीचं नाक जॅकवर उचलून रेडिएटरमध्ये पाणी ओतलं. दादा म्हणाला, "दाब स्विच."

इंजिन बंद. गॅरेजमध्ये शांतता. आणि त्या शांततेत एक बारीक गुणगुण सुरू झाली. रेडिएटरच्या उघड्या तोंडातून पाणी फिरताना दिसू लागलं. आधी बुडबुडे, मग आणखी बुडबुडे, मग एकसंध धार. आतली हवा निघून गेली. पट्ट्याच्या पंपाला ह्यासाठी इंजिन सुरू करून, तापवून वाट बघावी लागते. इथे सगळं थंडगार असतानाच समजलं, की कुठे गळत नाहीये. वहिनी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "फिश टँकसारखा आवाज आहे." आणि आत गेली. पण हसत होती, मी पाहिलं.

घाट तोच, पाटी वेगळी

सेरिटोस ते फमोसो साधारण २४० किलोमीटर. पिकअप ट्रकमागे ट्रेलर, ट्रेलरवर नोव्हा. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्याला ताशी ५५ मैलांची, म्हणजे साधारण ८८ किलोमीटरची मर्यादा. त्यामुळे पहाटे चारला निघालो. थर्मासमध्ये चहा, डब्यात दशम्या. वहिनीने दिलेल्या! तह झाला तरी दशम्या थांबत नाहीत.

लॉस एंजेलिस मागे पडलं, की इंटरस्टेट ५ डोंगर चढायला लागतो. हा इथला खंडाळा. टेहोन पास, उंची ४,१४४ फूट आणि पलीकडे सॅन होकीन खोऱ्यात उतरणारा ग्रेपव्हाइनचा उतार. आपल्या घाटात 'वाहने सावकाश चालवा' असतं ना, तशी इथल्या चढावर एक पाटी दिसते. मजकूर असा, की गाडी तापू नये म्हणून एसी बंद करा! रेडिएटरसाठी पाणी भरून घ्यायच्याही जागा आहेत. मला एकदम लहानपण आठवलं. कसाऱ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभी असलेली लाल एसटी, वाफेचा ढग, रेडिएटरमध्ये कॅनने पाणी ओतणारा ड्रायव्हर आणि तोवर करवंदं विकत घेणारे आपण. जगात कुठेही जा, घाट इंजिनाची परीक्षा घेतोच.

खाली उतरलो आणि चित्रच बदललं. सपाट, रुंद, अफाट खोरं. द्राक्षं, पिस्ते, संत्री आणि बदाम. जगातले बहुतेक बदाम ह्या खोऱ्यातून येतात. बेकर्सफील्डच्या आसपास मान वर-खाली करणारे तेलाचे पंप. आणि हो, पंजाबी! बेकर्सफील्डला शिखांची मोठी वस्ती आहे. बरेच जण ट्रकच्या व्यवसायात, त्यामुळे ट्रक थांब्यावर आलू पराठा आणि चहा मिळतो. दशम्या संपल्या होत्या, त्यामुळे आम्ही थांबलो. ट्रेलरवरची नोव्हा बघून गल्ल्यावरच्या सरदारजींनी दादाला विचारलं, "कितने सेकंड?" दादा म्हणाला, "ग्यारह अस्सी." त्यांनी मान डोलावली. ज्याला कळतं त्याला कळतं!

बागांमधली स्ट्रिप

बेकर्सफील्डच्या उत्तरेला हायवे ९९ सोडून पूर्वेला वळलं, की काही मिनिटांत फमोसो. गाव म्हणावं असं काही नाही. बागा, धूळ आणि त्यांच्यामध्ये एक सरळ काळी पट्टी. दुसऱ्या महायुद्धातलं हे पूरक विमानतळ. युद्ध संपलं, विमानं गेली आणि १९५०च्या दशकात बेकर्सफील्डच्या 'स्मोकर्स' नावाच्या क्लबने इथे गाड्या पळवायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या कितीतरी ड्रॅग स्ट्रिप्सचा जन्म असाच झाला. रस्त्यावर जीव धोक्यात घालून रेस लावणाऱ्या पोरांना धावपट्टीवर आणायचं, नियम लावायचे. ह्याच विचाराने वॉली पार्क्स ह्यांनी १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली. आपल्याकडेही लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस झाल्या, त्यामागचं लॉजिक तेच.

फमोसो प्रसिद्ध झालं ते १९५९च्या मार्च मीटमुळे. पार फ्लोरिडाहून डॉन गार्लिट्स हा तेव्हाचा स्टार इथे आला. जिंकला मात्र कॅलिफोर्नियाचा आर्ट क्रिसमन. मार्च मीटची परंपरा तेव्हाची. १९९२पासून जुन्या हॉट रॉडवाल्यांचं संमेलनही इथे भरू लागलं. आज मात्र त्यातलं काही नव्हतं. साधा शनिवार, साधी क्लब रेस. सप्टेंबरअखेरचं ऊन. सकाळी दहालाच तीस डिग्री, दुपारी पस्तीस. पंपाच्या परीक्षेला एकदम योग्य पेपर!

हळू गाडीही जिंकते

दादा खेळतो तो प्रकार ब्रॅकेट रेसिंग. हा फंडा कळला आणि मी ह्या खेळाच्या प्रेमात पडले. प्रत्येकाने आपली गाडी किती सेकंदांत पाव मैल कापेल, हे आधीच जाहीर करायचं. पांढऱ्या बूट पॉलिशने काचेवर लिहायचं. दादाने लिहिलं ११.८०. शेजारच्या लेनमध्ये साठीच्या एक बाई, घरची जुनी स्टेशन वॅगन घेऊन आल्या होत्या. त्यांच्या काचेवर १४.२०. मग त्यांना हिरवा दिवा २.४० सेकंद आधी मिळतो. दोघं अगदी जाहीर केल्याप्रमाणे धावले, तर शेवटी बरोबरीत पोचतील. आणि जाहीर केलं त्यापेक्षा जास्त वेगात धावलात तर? हरलात! ह्याला ब्रेकआउट म्हणतात.

म्हणजे इथे सगळ्यात वेगवान कोण, हा प्रश्नच नाही. प्रश्न असा, की बोललास तसा वागतोस का? दर वेळी? म्हणूनच पंपामुळे वाचलेल्या ताकदीचं दादाला कौतुक नव्हतं. त्याला हवं होतं ते स्टार्ट लाइनवर दर वेळी तेच तापमान. १६० फॅरेनहाइट, म्हणजे ७१ सेल्सियस. इंजिन जास्त तापलेलं असलं, की आत जाणारी हवा तापते, ताकद बदलते आणि वेळ काही शतांशांनी हलतो. ताशी १८४ किलोमीटरला एक शतांश सेकंद म्हणजे अर्धा मीटर. इथे रेस त्याहून कमी अंतराने जिंकल्या जातात.

आणि आता खरी मेख. सकाळी शंभरेक गाड्या असताना दोन राउंडमध्ये चाळीस-पंचेचाळीस मिनिटं मिळतात. प्रत्येक राउंडला निम्म्या गाड्या घरी. म्हणजे तुम्ही जितके जिंकत जाल, तितकी थांबायची वेळ कमी कमी होत जाते. नोव्हाचं गॅस्केट गेल्या वर्षी तिसऱ्या राउंडनंतर का गेलं, ते आता कळलं ना?

माझं काम ठरलं होतं. गाडी तंबूत आली की इंजिन बंद, पंप चालू, पंखा चालू, चार्जर लावायचा आणि दर पाच मिनिटांनी काटा बघून वहीत आकडा लिहायचा. पहिला राउंड, त्या स्टेशन वॅगनवाल्या बाईंशी. गाडी ११.८२. जिंकला. परत आली तेव्हा १९५ फॅरेनहाइट. पाच मिनिटांनी १८४. दहा मिनिटांनी १७३. वीस मिनिटांत १६०च्या खाली. पंप बंद. दुसरा राउंड, ११.८१. जिंकला. तिसरा राउंड. आता थांबायला पंचवीसच मिनिटं. ऊन मी म्हणत होतं. काटा उतरला का? उतरला. ११.८२. जिंकला!

चौथ्या राउंडला अठराच मिनिटं मिळाली. गेल्या वर्षी इथवर पोचलोच नव्हतो. मी काट्याला डोळे लावून बसलेले आणि दादा तंबूत येरझाऱ्या घालतोय. एकदा हेल्मेट घातलं, काढलं. पाण्याची बाटली उघडली, प्यायलाच नाही. मला म्हणाला, "किती झालं?" मी म्हटलं, "१६२." "आणि आता?" "दादा, अर्धा मिनिट झालाय फक्त!" लाउडस्पीकरवर त्याचा नंबर पुकारला तेव्हा काटा बरोबर १६०वर होता.

तीन पिवळे दिवे वरून खाली अर्ध्या अर्ध्या सेकंदाने लागतात, मग हिरवा. मुरलेला खेळाडू शेवटचा पिवळा दिसताच सुटतो. दादा क्षणभर थांबला. फक्त क्षणभर. नोव्हाने तर आपलं काम चोख केलं, ११.८१. पण शेजारचा दिव्यावर सात शतांशांनी आधी सुटला होता. खेळ खल्लास.

परत येऊन दादा शांतपणे बसला. हातातली वेळेची चिठ्ठी माझ्यापुढे धरली. ११.८२, ११.८१, ११.८२, ११.८१. चार राउंडमध्ये फरक एका शतांशाचा. मग म्हणाला, "गाडी थंड होती गं. मीच तापलो होतो."

स्विच वेगळा ठेवा

परतीच्या वाटेवर मी ह्याच वाक्याचा विचार करत होते. आपलंही काय वेगळं असतं? सहाला लॅपटॉप बंद करतो आणि समजतो, झालं, थांबलो. डोक्यातली उष्णता मात्र तशीच. उलट बंद केल्यावरच काटा वर चढतो. रात्री अकराला बॉसचा मेल आठवतो, झोपेत प्रेझेंटेशन चालू. आणि जसजसं प्रमोशन मिळत जातं, तसतसं दोन राउंडमधली वेळ कमीच होत जाते. नुसतं इंजिन बंद करून भागत नाही. पाणी फिरतं ठेवणारं काहीतरी लागतं. कोणाचं गाणं, कोणाचा ट्रेक, कोणाची संध्याकाळची टेकडी. त्याचा स्विच वेगळा हवा आणि फ्यूजही.

ग्रेपव्हाइनच्या चढावर वहिनीचा फोन आला. दादा ट्रेलर ओढत होता म्हणून मी घेतला. तिने हरलात की जिंकलात हे विचारलंच नाही. पहिला प्रश्न, "सवत कशी आहे?"

मी म्हटलं, "थंड आहे."

"बरं," ती म्हणाली. "मग या सावकाश. आमटी-भात करून ठेवते."

फमोसोला जायचंय?

लॉस एंजेलिसहून इंटरस्टेट ५ने उत्तरेला, पुढे हायवे ९९ धरून बेकर्सफील्ड ओलांडायचं. अंतर दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर, गाडीने अडीच तास धरा. निघण्याआधी रेसचं वेळापत्रक बघून घ्या, रोज रेस नसते. जुन्या गाड्यांची जत्रा बघायची असेल तर मार्चमधली मार्च मीट गाठा. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पार जातो, तेव्हा टोपी आणि भरपूर पाणी हवंच. कानात घालायला इअरप्लग विसरू नका. तिकीट काढलं की स्टँडमध्ये बसून राहू नका, तंबूंमधून फिरा. तिथले लोक बोलायला एकदम मोकळे. कोणालाही विचारा, "पंप कुठला लावलाय?" आणि मग तासभर ऐकायची तयारी ठेवा!